पटल्याशिवाय नाही : लक्ष्मीबाई टिळक

आजचा शास्त्रभाग : १ करिंथ ७:१२-१६



आजचा भाग छोटा आहे, पाचच वचनं. नवरा-बायकोपैकी एक जण विश्वासात आलाय आणि दुसरा आलेला नाही, अशा घराबद्दल पौल लिहितो. आधी तो शांतपणे वाचून घ्या. मला या भागावर सरळ चार ओळी लिहायला जमेना, दोन दिवस प्रयत्न केला. म्हणून आज एका बाईंची गोष्ट सांगते.

त्याआधी एक कबुली. मला ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा वाचायचं व्यसन आहे. चंद्रपूरचा मे महिना, बाहेर सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री, कूलर लावलेला, ऑफिसचा कॉल संपला की किंडलवर एक प्रकरण. फ्रान्सिन रिव्हर्सची 'रिडीमिंग लव्ह' माझी तीनदा वाचून झालीय. होशेयाची गोष्ट तिनं कॅलिफोर्नियात सोनं सापडलं त्या काळात नेऊन ठेवलीय. जॅनेट ओकची 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ ची, तीही लाडकी. या कादंबऱ्यांची एक ठरलेली रीत असते. दोघांपैकी एकाचा देवावर भरवसा असतो, दुसऱ्याचा नसतो. मग दुःख येतं, आजारपण येतं, थंडी-बर्फ येतं आणि शेवटच्या तीन-चार प्रकरणांत दुसऱ्याचं मन वळतं. मला ते का आवडतं हे मला माहीत आहे. माझ्या घरात विश्वासात मी आहे, नवरा नाही. दर रविवारी तो मला गाडीवर चर्चच्या फाटकाशी सोडतो आणि दोन तासांनी घ्यायला येतो. सात वर्षं झाली. मी शेवटच्या प्रकरणाची वाट बघत बसलेय.

मागच्या पावसाळ्यात एकदा दोन दिवस लाइट नव्हती. किंडल बंद पडलं आणि कपाटातलं 'स्मृतिचित्रे' हाती आलं. आपल्यातल्या पुष्कळांनी त्यातला एखादा धडा शाळेत वाचलेला असतो आणि तेवढ्यावरच सोडलेलं असतं. माझंही तेच. मेणबत्तीच्या उजेडात वाचायला लागले आणि लक्षात आलं, की इतकी वर्षं मी जी गोष्ट इंग्रजीत शोधत होते ती आपल्याकडे घडून गेलीय. फक्त तिची रीत वेगळी आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, गोखल्यांची मुलगी. आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली होती. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घरात घ्यायची. मीठसुद्धा. साखरसुद्धा. मीठ धुतल्यावर काय उरत असेल याचा विचार करा! लक्ष्मीबाई हे सगळं हसत सांगतात, पण अशा घरात वाढलेल्या मुलीच्या अंगात विटाळाची भीती किती खोल गेली असेल, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

अकरा-बारा वर्षांची असताना, १८८० मध्ये, तिचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. ते अठरा-एकोणीस वर्षांचे. कवी माणूस. रविवारी आपण 'उपासना संगीत' उघडून गातो त्यातली कितीतरी गीतं यांचीच. पण नवरा म्हणून? कठीण प्रकरण. पैसा हातात टिकत नसे, नोकरी टिकत नसे, मनात आलं की घर सोडून कुठेतरी निघून जात. घरात दाणा नसताना किराणा आणायला पाठवलं तर शाईची दौत घेऊन परत येणारा माणूस. सासरा तापट. पोटची मुलं गेली. आणि तरी या दोघांचं एकमेकांवर विलक्षण प्रेम होतं, भांडणांसकट. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला वाचायला त्यांनीच शिकवलं.

आता आपल्या बाजूला येऊ. नोकरीसाठी टिळक नागपूरला आले, पुढे राजनांदगाव संस्थानात गेले. आमच्या चंद्रपूरहून वडसामार्गे गोंदियाला जायचं, तिथे हावडा लाइनची गाडी पकडायची, की राजनांदगाव येतं. गडचिरोलीच्या जंगलाला वळसा घालून जाणारा हा रस्ता मी दोन-तीनदा केलाय. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत टिळकांना एक गोरे गृहस्थ भेटले. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं. उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या सभांमध्ये ही साक्ष इथेच थांबते. टाळ्या, हालेलुया, पुढचं गीत. मीसुद्धा अनेकदा इथेच थांबलेय.

पण त्या दिवशी लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. त्यांना विचारून हे झालं नव्हतं. त्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्या काळी याचा अर्थ काय होतो बघा : नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. सौभाग्य आहे आणि संसार नाही. लोक कीव करणार, कुजबुजणार. वेड लागायची पाळी आली, घरचे त्यांच्यावर नजर ठेवून असत. मग त्या पंढरपूरला बहिणीकडे जाऊन राहिल्या. टिळकांची पत्रं येत राहिली, पत्रांत कविता असत. इकडूनही उत्तरं जात. लक्ष्मीबाईंनाही कविता होऊ लागल्या होत्या. विरहाचं हे सगळं कादंबरीत शोभेल असंच आहे, पण मला वाचताना टिळकांचा राग आला. खरंच आला. एवढा मोठा निर्णय, आणि जिचं आयुष्य त्यानं उलटंपालटं होणार तिला तो नंतर कळतो? देवाचं बोलावणं खरं होतं यात मला शंका नाही. पण बोलावणं खरं असलं म्हणून घरच्या माणसाला अंधारात ठेवणं बरोबर ठरत नाही.

आणि मग पुस्तक मांडीवर ठेवून मी गप्प बसले. कारण मीही तेच केलं होतं. बाप्तिस्मा पुण्यात नोकरीला असताना घेतला, नवऱ्याला फोनवर चार दिवसांनी सांगितलं. आधी सांगितलं तर तो अडवेल अशी भीती होती. त्यानं कदाचित अडवलंही नसतं, आता काय सांगणार. इतकी वर्षं कादंबऱ्या वाचताना मी स्वतःला सोसणाऱ्या नायिकेच्या जागी धरत होते. या गोष्टीत मी टिळकांच्या जागी होते आणि फाटकाशी गाडी लावून उभा राहणारा माणूस लक्ष्मीबाईंच्या.

पुढचं वाचायला त्यामुळे जरा धास्तीच वाटली.

चार-साडेचार वर्षं अशी गेली. शेवटी लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे जायचं ठरवलं आणि त्या नगरला आल्या. कादंबरी असती तर इथेच मिठी, अश्रू आणि बाप्तिस्मा. तसं काही झालं नाही. त्या आल्या त्या आपल्या अटींवर : स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं जसंच्या तसं. नवरा हवा होता, त्याचा धर्म नको होता. टिळकांच्या बाजूनं बोलायचं तर इथे ते मोठे ठरतात. त्यांनी सक्ती केली नाही. बायकोचं वेगळं बिऱ्हाड सांभाळत तेही राहिले. मिशनमधले लोक येत-जात. ज्यांच्या सावलीचीही भीती बाळगायला लहानपणी शिकवलं होतं, ती माणसं रोज समोर दिसत. ती माणसं वाईट नाहीत हेही दिसत होतं.

मग एकदा लक्ष्मीबाईंच्या मनात तो प्रश्न उभा राहिला. जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर पशुपक्ष्यांत जसा वरवर पाहूनही फरक कळतो तसा माणसांत दिसला असता. ब्राह्मणाच्या अंगावर काही खूण असती. ती कुठेच नाही. म्हणजे हे माणसाचं काम. एवढा विचार झाला आणि त्यांनी ठरवून टाकलं, की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. नुसतं ठरवलं नाही, लगेच केलंही. जिच्या घरी मीठ धुतलं जायचं त्या मुलीनं हे केलं.

मला इथे थांबावंसं वाटतं. त्या अजून ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी जात गेली, मग धर्म बदलला. टिळकांच्या पत्रांनी जे झालं नाही, प्रेमानं जे झालं नाही, ते त्यांच्या स्वतःच्या डोक्यानं केलं. नवरा त्या बाजूला आहे म्हणून उडी मारायची, हे त्यांना कधीच जमलं नसतं. एकेक गोष्ट पटत गेली तसतशा त्या एकेक पाऊल सरकल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत त्या नाही म्हणत होत्या तेव्हा त्या हट्टी होत्या, अंधारात होत्या, असं आपण सहज म्हणून जातो. मला तसं म्हणवत नाही. त्यांचं नाही खरं होतं, म्हणूनच नंतरचं हो खरं ठरलं.

आजच्या भागातलं सोळावं वचन पुन्हा बघा. पौल तिथे नवऱ्याला आणि बायकोला प्रश्न विचारतो, आश्वासन देत नाही. मी सात वर्षं ते वचन आश्वासनासारखं वाचत होते. आणि त्याच्या आधी, पंधराव्यात, तो शांतीबद्दल बोलतो. ती माझ्या नजरेतून पार सुटली होती. मी दर काही महिन्यांनी टेबलावर एखादं पुस्तक मुद्दाम उघडं ठेवायची, नवऱ्याच्या नजरेस पडेल असं. त्यानं ते कधी बंद करून बाजूला ठेवलं नाही, कधी वाचलंही नाही. ते मी आता थांबवलंय. आणि पुण्याच्या त्या फोनबद्दल त्याची माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, की त्याला धर्माचा राग कधी आलाच नव्हता, चार दिवसांचा आला होता.

लक्ष्मीबाईंचं पुढचं आयुष्य मी भराभर सांगते, खरं तर त्यावर वेगळं लिहायला हवं. दुष्काळ आला, प्लेग आला, टिळकांनी घर अनाथ पोरांनी भरून टाकलं आणि निभावलं लक्ष्मीबाईंनी. प्लेगच्या रुग्णांची सेवा त्यांनी केली. नगरच्या घरात कवी बालकवी मुलासारखे राहिले. आणि ९ मे १९१९ ला टिळक गेले. त्या पन्नास वर्षांच्या होत्या. पुढची काही वर्षं मुलगा दत्तूसोबत कराचीत काढली. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. आई लिहायला बसली आणि 'स्मृतिचित्रे' झालं. १९३४ पासून ते चार भागांत बाहेर आलं. इंग्रजी वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी शांता गोखले यांचा २०१७ चा अनुवाद आहे, पण मराठी येत असेल तर मराठीतच वाचा. ती बोलल्यासारखी भाषा अनुवादात किती उतरणार!

टिळक आणखी एक काम अर्धवट टाकून गेले होते. ओवीत प्रभू येशूचं चरित्र, 'ख्रिस्तायन'. त्यांच्या हातून सुरुवातीचे अध्याय तेवढे झाले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे घेतलं आणि एक-दोन नाही, चौसष्ट अध्याय लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईनं, म्हातारपणी. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्यांचं देहावसान झालं तेव्हा शेवटचा अध्याय व्हायचा होता, तो देवदत्तांनी लिहिला. ज्या नावामुळे एकदा संसार मोडला होता, त्याच नावाचं चरित्र त्या शेवटपर्यंत लिहीत राहिल्या.

उद्याचा शास्त्रभाग : रूथ, अध्याय १. वाचताना अर्पालाही जरा वेळ द्या, ती परत गेली म्हणून तिला घाईनं बाजूला सारू नका.