स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, जन्म: ३० ऑगस्ट १८८३, डभोई, बडोदा संस्थान, मृत्यू: १८ एप्रिल १९६६) हे योगाचे अभ्यासक, शिक्षणतज्ज्ञ आणि संशोधक होते. लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे ते संस्थापक होत. आसने, बंध आणि प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत मोजून पाहणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. श्वासाचे नियंत्रण हा त्यांच्या संशोधनाचा एक मुख्य विषय होता. आहार आणि श्वास यांचा परंपरेने सांगितलेला संबंध समजून घेण्यासही त्यांच्या कार्याची मदत होते.

बालपण आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वती. घरची स्थिती बेताची असल्यामुळे त्यांना शिक्षणासाठी इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृत विषयासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारे त्यांनी बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९१० मध्ये ते पदवीधर झाले. त्या काळात अरविंद घोष यांचे बडोद्यातील वास्तव्य आणि लोकमान्य टिळकांचे राजकारण यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला. बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले.

अमळनेर आणि गुरुभेट

पदवीनंतर गुणे खानदेशात अमळनेरला आले. तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संस्थेतील राष्ट्रीय वातावरण सरकारला खुपत होते आणि १९२० मध्ये हे महाविद्यालय बंद करण्यात आले.

त्याआधी, १९१९ मध्ये, नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांची परमहंस माधवदासजी या बंगाली योग्याशी भेट झाली. माधवदासजींकडून त्यांनी योगाची दीक्षा घेतली. गुणे श्रद्धावान शिष्य होते, पण शिक्षकाची चिकित्सक वृत्ती त्यांनी सोडली नाही. योगाभ्यासाने जे घडते असे सांगितले जाते ते खरोखर घडते काय, आणि घडत असल्यास कसे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. या प्रश्नात धोका होता. मोजमापाने परंपरेचा एखादा दावा खोटा ठरला असता, तर तो स्वीकारण्याची तयारी ठेवावी लागणार होती.

प्रयोगांना आरंभ

१९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान बंध आणि नौली या क्रियांचा अभ्यास सुरू केला. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर ओढले जाते. नौलीत पोटाचे स्नायू वेगळे करून फिरवले जातात. या क्रियांच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना मापकावर आढळले. नळीवाटे पाणी आत कसे ओढले जाते याचा उलगडा त्यामुळे झाला. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

कैवल्यधाम

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना केली. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. या त्रैमासिकात प्रयोगांची टिपणे, क्ष-किरण चित्रे आणि आलेख यांच्या जोडीने आसन-प्राणायामाची पद्धतशीर वर्णने प्रसिद्ध होत. प्रयोग कसा केला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे इतरांना तपासता यावे अशा रीतीने मांडणे हा या नियतकालिकाचा विशेष होता. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीविषयी त्यांचा सल्ला घेतला. दोघांत या विषयावर पत्रव्यवहार झाला. आसने आणि प्राणायाम या विषयांवरील त्यांची इंग्रजी पुस्तके १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाली.

श्वसनाचे नियंत्रण आणि प्राणवायूचा प्रश्न

प्राणायामाने शरीरात भरपूर प्राणवायू साठतो, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती आणि आजही आहे. कुवलयानंदांनी उच्छ्वासातील वायूंचे पृथक्करण करून ही समजूत तपासली. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्त साध्या श्वसनातही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. खोल श्वासाने त्यात फारशी भर पडत नाही. प्राणायामाचे खरे मोल प्राणवायूच्या साठ्यात नाही. ते श्वसनसंस्थेला आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या शिस्तीत आहे, असे मत त्यांनी मांडले. योगाचा पुरस्कर्ता असूनही योगाच्या बाजूने केला जाणारा एक लोकप्रिय दावा त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. त्यांच्या कार्याची विश्वासार्हता मुख्यतः या भूमिकेवर उभी आहे.

या मताला शरीरशास्त्राची पार्श्वभूमी होती. श्वासाची गती मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर ठरते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये इंग्लंडात दाखवून दिले होते. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत असलेले श्वसनकेंद्र या वायूची वाढ ओळखते आणि श्वास जलद करते. मानेतील मोठ्या रोहिण्यांजवळच्या बारीक पिंडांतून प्राणवायू कमी झाल्याची सूचना मेंदूला जाते. या शोधाशी निगडित कार्याबद्दल बेल्जियमचे कोर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कुंभकात श्वास रोखल्यावर जी तगमग होते, ती प्रथम कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. प्राणवायू संपण्याची वेळ त्यानंतर बरीच उशिरा येते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर थॉमस बेहनन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात राहून कुवलयानंदांकडे योगाचे शिक्षण घेतले. त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्रांतीच्या अवस्थेशी तुलना करता उज्जायी प्राणायामात प्राणवायूचा वापर सुमारे एक-चतुर्थांशाने वाढतो, तर कपालभातीत ही वाढ कमी असते, असे त्यांच्या मोजणीत आढळले. प्राणायामाचा प्रकार बदलला की आकडेही बदलतात आणि सरसकट विधान करता येत नाही, हे त्यातून दिसून आले.

मुंबईतील कार्य

१९३२ मध्ये कैवल्यधामाची मुंबई शाखा सांताक्रूझ येथे सुरू झाली. १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्हवर हलवण्यात आली आणि ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. चर्नी रोड स्थानकाजवळचे हे केंद्र गिरगावच्या चाळींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. योगाच्या साहाय्याने रोगांचा प्रतिबंध आणि उपचार हे त्याचे उद्दिष्ट होते. लोणावळ्यात साधक आणि अभ्यासक येत. मुंबईच्या केंद्रासमोर शहरी जीवनाचे प्रश्न होते. दिवसभर बैठे काम, अवेळी जेवण, वाढलेले वजन, दमा, रक्तदाब आणि पोटाच्या तक्रारी असलेल्या माणसाला साधकाचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. मुंबई प्रांतातील शारीरिक शिक्षणाच्या सरकारी योजनांतही त्यांनी मार्गदर्शन केले.

स्निग्ध आहार आणि श्वास

हठयोगाच्या ग्रंथांत प्राणायामाबरोबर आहाराचे नियम येतात. हठप्रदीपिकेत साधकाने स्निग्ध व मधुर अन्न घ्यावे आणि पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा असे सांगितले आहे. अभ्यासाच्या आरंभी दूध आणि तूप यांनी युक्त भोजन योग्य मानले आहे. अभ्यास दृढ झाल्यावर हा निर्बंध उरत नाही. त्याच ग्रंथात तेल, तीळ आणि मोहरी मात्र वर्ज्य पदार्थांत येतात. म्हणजे स्निग्धता सांगितली आहे, पण सरसकट नव्हे आणि पोटभरही नव्हे.

या नियमाला शरीरशास्त्रात एक आधार सापडतो. पिष्टमय अन्न आणि साखर यांचे ज्वलन होताना जेवढा प्राणवायू लागतो तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. स्निग्ध पदार्थांच्या ज्वलनात हे प्रमाण सुमारे १० ला ७ असे पडते. विश्रांतीत मिनिटाला २५० मिलिलिटर प्राणवायू वापरणारे शरीर केवळ पिष्टावर चालले तर सुमारे २५० मिलिलिटर, आणि केवळ स्निग्धावर चालले तर सुमारे १७५ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. हा वायू कमी तयार झाला की श्वसनकेंद्रावरील ताण कमी होतो आणि श्वास रोखणे काहीसे सुसह्य होते. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवण्याचा लाभही उघड आहे. भरलेले पोट श्वासपटलाला खाली सरकू देत नाही.

मात्र थोडे तूप घेणारा मिताहारी साधक आणि वर्षानुवर्षे तेलकट-तुपकट खाऊन स्थूल झालेला माणूस यांची स्थिती परस्परविरुद्ध आहे. १ ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच पिष्टातून सुमारे ४. जास्तीची ऊर्जा चरबीच्या रूपाने पोटावर व छातीवर साठली की प्रत्येक श्वासाला अधिक श्रम पडतात. काही अतिस्थूल व्यक्तींत श्वसनकेंद्रच मंदावते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि दिवसाही झोप अनावर होते. या विकाराचे वर्णन १९५६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी केले आणि डिकन्सच्या पिकविक पेपर्स या कादंबरीतील सतत झोपणाऱ्या लठ्ठ मुलावरून त्याला नाव दिले. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक श्वसनाला चालना देते. ज्या उंदरांत ते तयारच होत नाही, त्यांचा कार्बन डायऑक्साइडला मिळणारा प्रतिसाद क्षीण असतो. स्थूल माणसात लेप्टिन पुष्कळ असूनही शरीर त्याला दाद देईनासे होते. अतिस्निग्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांत मानेतील श्वसनसंवेदी पिंड प्रमाणाबाहेर उत्तेजित होतात आणि इन्सुलिनचा प्रभाव घटतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. साधकाला साहाय्य करणारा पदार्थ अतिरेकाने श्वासाच्या नियंत्रणालाच बाधा आणतो. परंपरेतील मिताहाराच्या अटीचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

कुवलयानंद आणि डॉ. एस. एल. विनेकर यांनी लिहिलेले योगोपचारावरील इंग्रजी पुस्तक १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. योग्य मनोवृत्ती, मज्जा-स्नायू व ग्रंथी यांना पुन्हा वळण लावणे आणि योग्य आहारासह उत्सर्जनाच्या नैसर्गिक क्रियांना साहाय्य करणे, अशा तीन अंगांवर त्यात भर दिला आहे. केवळ आसने किंवा केवळ प्राणायाम म्हणजे उपचार नव्हे, अशी या पुस्तकाची भूमिका आहे.

उत्तरायुष्य आणि वारसा

१९४४ मध्ये त्यांनी वैज्ञानिक व वाङ्मयीन संशोधनासाठी श्रीमन्माधव योगमंदिर समितीची स्थापना केली. १९५१ मध्ये लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया योग महाविद्यालय आणि १९६१ मध्ये जुनाट विकारांसाठी योगिक रुग्णालय सुरू झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतरही श्वसनाचा अभ्यास संस्थेत चालू राहिला. हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या व्यक्तींवरील कैवल्यधामाच्या संशोधकांचे प्रयोग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६९ मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा परिणाम तपासून प्रसिद्ध केला. या शवासनात श्वासाच्या संथ लयीवर लक्ष ठेवणे हा मुख्य भाग होता, आणि सहलेखकांत डॉ. विनेकर होते. हठप्रदीपिकेची कैवल्यधामाने सिद्ध केलेली आवृत्ती १९७० मध्ये निघाली. मरीन ड्राइव्हवरील केंद्र आजही चालू आहे.