फादर थॉमस स्टीफन्स यांचें अल्पचरित्र

महोत्सवाचा प्रसंग आला म्हणजे ज्यांनीं इगर्जेस जमीन दिली, ज्यांनीं भिंती उभारल्या, ज्यांनीं घंटा आणविली, त्यांचीं नांवें प्रथम ओठांवर येतात, आणि तें योग्यच आहे. तीं या स्मरणिकेंत इतरत्र आलींच आहेत. आमच्या वांट्यास आलेलें काम थोडें निराळें आहे. ज्या मराठींत आपण प्रार्थना करितों, त्याच मराठींत प्रभु येशूचें चरित्र दहा हजारांहून अधिक ओव्यांत गाणाऱ्या एका परदेशस्थ पुरुषाची हकीकत आम्ही येथें यथामति सांगत आहों. त्यांचें नांव बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ते कोठून आले, कां आले आणि परत कां गेले नाहींत, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें.

फादर स्टीफन्स हे इंग्रज. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन नांवाचें एक खेडें आहे. तेथें सुमारें १५४९ सालीं एका व्यापाऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. पुढें पोर्तुगीज लोक त्यांस पाद्री एस्तेवांव म्हणूं लागले, तरी जुन्या कागदपत्रांत त्यांच्या नांवापुढें या खेड्याचें नांव कोठें कोठें चिकटलेलें आढळतें.

ते वयांत आले त्या काळीं इंग्लंडांत एलिझाबेथ राणीचें राज्य होतें आणि कायद्यानें मिस्साबलि बंद झाला होता. जे कॅथॉलिक धर्मास चिकटून राहिले त्यांस दंड, तुरुंग आणि पुढें फांसहि भोगावा लागला. थॉमस पाउंड नांवाच्या एका सधन गृहस्थाशीं स्टीफन्स यांचा स्नेह जडला. दोघांनीं रोमास जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा असें ठरविलें. पाउंड यांचा सेवक म्हणून वेष पालटून स्टीफन्स त्यांच्यासमवेत हिंडत. पण निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि पुढलीं जवळजवळ तीस वर्षें त्यांनीं या ना त्या तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स एकटेच रोमास पोंचले व २० ऑक्टोबर १५७५ रोजीं येशूसंघांत दाखल झाले.

संत फ्रान्सिस झेवियर यांस देवाज्ञा होऊन त्या वेळीं पुरतीं पंचवीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. स्टीफन्स यांनीं आपणांस हिंदुस्थानांत धाडावें अशी मागणी केली व ती मान्य झाली. त्या काळीं पूर्वेकडील मिशनास जाण्याची वाट एकच होती, ती लिस्बनची.

४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजांचा काफिला गोव्यास निघाला. या प्रवासाचें वर्णन स्टीफन्स यांनीं गोव्यास उतरल्यावर १० नोव्हेंबर रोजीं आपल्या वडिलांस लिहिलेल्या पत्रांत केलें आहे, आणि सुदैवानें तें पत्र हॅक्लुट यांच्या प्रवाससंग्रहांत छापलें गेल्यानें शाबूत राहिलें. जहाजांवर खलाशी व शिपाई तर होतेच, पण लहान मुलेंहि पुष्कळ होतीं. आणि चमत्कार असा कीं समुद्राचा त्रास मोठ्यांपेक्षां मुलांनींच बरा सोसला. मदिरा बेटांजवळ यांचें जहाज एकटें पडलें असतां एका इंग्रज जहाजानें त्यावर गोळे टाकले. कोणास इजा झाली नाहीं, आणि पोर्तुगीजांनीं आपल्या मोठ्या तोफा बाहेर काढतांच तें जहाज निघून गेलें. स्टीफन्स यांनीं ही गोष्ट दोन ओळींत उरकली आहे. स्वदेशच्या लोकांचे गोळे परक्यांच्या जहाजांतून पाहतांना त्यांस काय वाटलें असेल, याची कल्पना आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला. तेथला पाऊस असा कीं त्याचें पाणी थोडा वेळ सांचलें कीं त्यांत किडे पडत, आणि टांगून ठेवलेल्या मांसावर तें पडलें तर मांसहि किडून जाई. जुलैच्या अखेरीस आफ्रिकेचें दक्षिण टोंक ओलांडलें. पुढें जवळची वाट हातची गेल्यानें मोझांबिकास न थांबतां बाहेरच्या लांबच्या मार्गानें जावें लागलें. अन्नपाणी सरत आलें. हिरड्या सुजून इतक्या वाढत कीं त्या कापून काढाव्या लागत, पाय सुजत, सर्वांग दुखे, हातपाय हलेनासे होत. ताज्या भाज्या व फळें न मिळाल्यानें हा रोग होतो हें आपण आज जाणतों. त्या काळीं तें खात्रीनें कोणासच ठाऊक नव्हतें. दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले व सत्तावीस दगावले. इतर खेपांच्या मानानें हें नुकसान थोडकेंच, असें जहाजावरील लोक समजत! दोनशेंहून अधिक दिवसांनीं, २४ ऑक्टोबर रोजीं, गोव्याची भूमि पायांस लागली. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेले, ज्यांची नोंद सांपडते असे, हे पहिले इंग्रज मानले जातात.

त्या पत्रांतील एक बारीकशी गोष्ट आम्हांस नेहमीं आठवते. या देशांत युरोपांतील झाडासारखें एकहि झाड आपल्या दृष्टीस पडलें नाहीं, असें ते वडिलांस कळवितात. अपवाद एका द्राक्षवेलीचा, पण तीहि येथें कामाची नाहीं, म्हणून द्राक्षारस सर्व पोर्तुगालहून आणावा लागतो. पिण्यास येथें चांगलें पाणी, नाहीं तर माडाची ताडी. आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें आखाती देशांत राहिलीं आहेत त्यांस अशा पत्राची रीत अपरिचित वाटणार नाहीं. नव्या मुलखाविषयीं लिहितांना मनुष्य आधीं झाडें, पाणी आणि हवा हींच लिहितो. मनांतलें मागाहून, किंवा मुळींच नाहीं.

१५८३ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत फार कसोटीचें ठरलें. त्या सालच्या जुलैंत सासष्टींतील कुंकळ्ळी गावीं रुदोल्फ आक्वाव्हिवा प्रभृति पांच येशूसंघीय व त्यांचे कित्येक सोबती मारले गेले. या पांचांस १८९३ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं धन्यवादित जाहीर केलें. स्टीफन्स यांनीं ही हकीकत पॅरिसांत राहणारे आपले बंधु रिचर्ड यांस त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लिहून कळविली. परंतु आपण चरित्र लिहितांना अर्धेंच लिहूं नये. सासष्टींतील देवळें १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं व जाळलीं होतीं, लोकांच्या मनांत तो सल ताजा होता. आणि या वधानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून त्यांचा घात केला. अशा रक्तानें माखलेल्या मुलखांत या इंग्रज पाद्रीस आपलें आयुष्य घालवावयाचें होतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग आला. जॉन न्यूबरी, राल्फ फिच व त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मूझ येथें हेर म्हणून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत येऊन पडले. ते प्रॉटेस्टंट राष्ट्राचे, राणीच्या पक्षाचे. आणि त्याच राणीच्या राज्यांत दोन वर्षांपूर्वीं, १५८१ सालीं, फादर एडमंड कॅंपियन या येशूसंघीयास फांसावर चढविलें होतें. स्टीफन्स यांनीं त्यांच्याकडे पाठ फिरविली असती तर कोणीं दोष दिला नसता. त्यांनीं रदबदली केली, जामिनाची व्यवस्था होण्यास साह्य केलें, आणि ते चौघे बाहेर आले. त्यांतील तिघे पुढें गोव्यांतून निसटले. फिच तर सुखरूप इंग्लंडास पोंचून आपला प्रवास लिहूं शकले. स्टीफन्स यांस मात्र तो रस्ता बंदच होता. १५८५ सालच्या कायद्यानें परदेशीं दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूनें इंग्लंडांत पाऊल ठेवणें हाच राजद्रोह ठरला.

यापुढें त्यांचें सर्व आयुष्य बहुतांशीं सासष्टींत गेलें. मडगांव, राशोल व आसपासच्या गांवीं ते सुमारें चाळीस वर्षें होते. मध्यें कांहीं काळ ते आमच्या वसईसहि राहून गेले, एवढें नमूद केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

भाषेकडे त्यांचें लक्ष आरंभापासूनच होतें. भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे असें लिहून ठेविलें. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास हाच विचार विद्वानांपुढें १७८६ सालीं मांडला, म्हणजे दोनशें वर्षांनंतर. कोंकणीचें जें व्याकरण स्टीफन्स यांनीं रचलें, तें त्यांच्या मागें इतरांनीं भर घालून १६४० सालीं राशोल येथें छापविलें. हिंदी भाषांपैकीं कोणत्याहि भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण तें हेंच. त्यांची कोंकणी ख्रिस्ती शिकवणहि त्यांच्या निधनानंतर १६२२ सालीं छापली गेली.

परंतु त्यांची खरी कीर्ति ख्रिस्तपुराणावर उभी आहे. तें कसें उपजलें, हें त्यांनीं स्वतःच ग्रंथारंभीं सांगितलें आहे. एका रविवारीं मुलांस शिकवण देत असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें विनंती केली कीं, आमचीं जुनीं पुराणें आपण वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं मराठींत एखादें पुराण आम्हांस करून द्यावें. या मागणींत केवढें दुःख भरलें आहे तें पाहावें. ज्या लोकांच्या घरीं संध्याकाळीं पोथी वाचली जाई, त्यांच्या घरांतून पोथी गेली होती आणि तिच्या जागीं कांहींच आलें नव्हतें. पुष्कळांस ही तक्रार ऐकूंहि आली नसती. स्टीफन्स यांनीं ती ऐकली, आणि वार्धक्याच्या उंबरठ्यावर लेखणी उचलली.

ओवी हा छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा. त्याच छंदांत, वैकुंठादि शब्द बिनदिक्कत घेऊन, त्यांनीं पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा व दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र गाइलें. दोहों मिळून १०,९६२ ओव्या होतात. मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपल्यांतील अनेकांस शाळेपासून मुखोद्गत आहेत, म्हणून त्या आम्ही येथें उतरवीत नाहीं. तुकोबांचा जन्म १६०८ चा धरला, तर ग्रंथ छापून निघाला तेव्हां ते आठ वर्षांचे होते.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. आपलें पुस्तक या देशाच्या लिपींत छापावें असें त्यांच्या मनांत फार दिवस होतें. १६०८ च्या डिसेंबरांत त्यांनीं रोमास संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस तसें लिहिलें. अडचण अशी कीं युरोपांत चोवीस अक्षरांचे सांचे पुरतात, येथें जोडाक्षरें धरून सुमारें सहाशें पाडावे लागत, आणि वरिष्ठांच्या आज्ञेवांचून तें होणार नव्हतें. मलबारांत तेथल्या लिपींत पुस्तकें निघालीं होतीं हेंहि त्यांनीं दाखवून दिलें. पण तें साधलें नाहीं. १६१६ सालीं राशोल येथें ख्रिस्तपुराण निघालें तें रोमन अक्षरांत. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्ति निघाल्या. या तीन आवृत्तींपैकीं एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं.

१६१९ सालीं, सत्तरीच्या सुमारास, फादर स्टीफन्स गोमंतकांतच वारले. सासष्टीस आल्यावर त्यांनीं पुन्हां युरोप पाहिला नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांविरुद्ध फर्मान काढलें आणि गोव्यांत या ग्रंथास वाईट दिवस आले. पण जीं ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडी किनाऱ्यावर जाऊन राहिलीं, त्यांनीं हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या व उपवासकाळांत त्या घरोघर गाइल्या. त्या प्रतींवरूनच १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं मंगळुरास ग्रंथ पुन्हां छापला. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली, आणि २००९ सालीं फादर नेल्सन फाल्काव यांनीं आजच्या मराठींतील अर्थासह ती नव्यानें सिद्ध केली.

ग्रंथाची एक जुनी देवनागरी हस्तलिखित प्रतहि आहे. ती विल्यम मार्सडेन नांवाच्या इंग्रज विद्वानाच्या संग्रहांत होती, आणि विसाव्या शतकांत अभ्यासकांनीं तिच्याकडे लक्ष वेधलें. ज्या लिपीसाठीं फादर स्टीफन्स यांनीं रोमास विनंती केली, त्या लिपींतील ती पोथी आज लंडन येथें आहे.