श्रीशंकर आज्ञेवरून

मागच्या हिवाळ्यात खात्याने आम्हा पंचवीस-तीस उपयंत्र्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवले होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पाहुण्या वक्त्यांनी प्रत्येकाच्या हाती एक कोरा कागद दिला आणि त्यावर आपापले ब्रीदवाक्य लिहायला सांगितले. शेजारच्याने राष्ट्रचिन्हाखालचे वाक्य उतरवून दिले आणि तो चहाला गेला. आमचा कागद कोराच राहिला. डिप्लोमा करून नोकरीला लागलो त्याला आता वीस वर्षांवर झाली. या काळात सह्या हजारो केल्या, पण त्या कोणत्या वाक्याखाली केल्या हे कधी मनात आले नव्हते.

संध्याकाळी घरी परतताना राजवाड्याजवळ गर्दीत अडकलो. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. इंदूरच्या माणसाला तो इतका सवयीचा, की दिसतच नाही. त्या दिवशी मात्र लहानपणी आजोबांकडून ऐकलेले आठवले. बाई हुकमावर स्वतःचे नाव घालीत नसत. त्या जागी श्रीशंकर असे लिहीत. होळकरांच्या दरबारी कागदांवर श्रीशंकर आज्ञेवरून हे शब्द त्यांच्यानंतरही चालत राहिले, ते थेट १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत. ते शब्द बाईंना कुठे सापडले आणि त्यांनी ते कसे पेलले, हे आम्हाला समजले तसे येथे मांडतो.

चौंडी हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेडजवळचे लहान गाव. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांनी या मुलीला देवळात पाहिले आणि सून करून घेतले, असे सांगतात. लग्न झाले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. सासू गौतमाबाई आणि सासरे मल्हारराव या दोघांनी त्यांना घडवले. मल्हारराव बहुतेक काळ मोहिमेवर असत. तोफा, दारूगोळा, रसद यांबद्दल त्यांनी सुनेला पाठवलेली पत्रे आहेत. त्या काळात सासऱ्याने सुनेला तोफखान्याविषयी लिहावे, यातच पुष्कळ आले.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेचा गोळा लागून गेले. बाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. पदरात मालेराव आणि मुक्ता अशी दोन लेकरे. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी पदर पसरून त्यांना मागे ओढले. पुढे १७६६ च्या मे महिन्यात आलमपूरला मल्हाररावही गेले. मालेराव गादीवर आले ते आजारी मनाचे होते. वर्ष पुरे व्हायच्या आत तेही वारले. दोन-दोन पुरुषांचे राज्य बघता बघता एका विधवेच्या हाती आले.

पुढचा प्रसंग इंदूरच्या मुलांना शाळेच्या नाटकातून माहीत असतो. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्याकडे ठेवण्याचा घाट घातला आणि राघोबादादांना बोलावले. दादा फौज घेऊन माळव्यात उतरले. बाईंनी शेजारच्या सरदारांना मदतीची पत्रे धाडली, स्वतःची फौज सज्ज केली आणि पुण्याला माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. माधवरावांनी कौल बाईंच्या बाजूने दिला. युद्ध झाले नाही. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे गेली, कारभार बाईंकडे राहिला. तुकोजी वयाने मोठे असूनही बाईंना आई म्हणत.

आम्हाला मोलाची वाटते ती याच्या आसपासची दुसरी गोष्ट. होळकरांच्या खजिन्यात मोठी रक्कम होती. बाईंनी विधिपूर्वक तुळशीपत्र आणि पाणी सोडून ती धर्मादायासाठी संकल्पित केली. नंतर दादांकडून पैशाची मागणी आली तेव्हा, हा पैसा संकल्प सोडलेला आहे, दान म्हणून मंत्रपूर्वक घेणार असाल तर जरूर घ्या, असा निरोप त्यांनी पाठवला म्हणतात. मागणारा गप्प बसला. राज्य शंकराचे आणि आपण केवळ कारभारी, ही बाईंची धारणा. राजधानी त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. महेश्वरच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याच रुपयांवर दिल्लीच्या शाहआलमचे नावही आहे. बाईंचे स्वतःचे नाव कुठेच नाही.

आता येथे थोडे स्वतःबद्दल सांगावे लागेल. सरकारी आदेश तुम्ही पाहिले असतील. खाली राज्यपालाच्या नावाने तथा आदेशानुसार असे छापलेले असते आणि त्याखाली एखाद्या अवर सचिवाची सही. म्हणजे दुसऱ्याच्या नावाने हुकूम काढणे आम्हालाही नवीन नाही. पण आमच्याकडे त्या शब्दांचा उपयोग काय होतो? वरून आदेश होता, एवढे म्हटले की खालचा माणूस सुटला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावाकडच्या पुलियाची मापे आम्ही प्रत्यक्ष न बघता मापपुस्तिकेत चढवली आणि खाली सही केली. वरिष्ठांचा निरोप होता, मार्च संपत आला होता. पुढच्याच पावसाळ्यात तिची एक बाजू वाहून गेली. माणूस कुणी दगावला नाही, पण गाव दोन महिने फेऱ्याने जात राहिले. चौकशी झाली नाही. आम्ही स्वतःची समजूत घातली ती त्याच तीन शब्दांनी.

बाईंच्या वर कोणी नव्हते. माधवराव १७७२ साली गेल्यानंतर त्यांना जाब विचारील असा माणूस पुण्यातही फारसा उरला नाही. अशा जागी बसून त्यांनी आपल्या डोक्यावर एक नाव लिहून घेतले आणि त्याच्या नजरेखाली काम केले. माळव्याचा इतिहास लिहिणारा जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी बाईंच्या निधनानंतर वीस-पंचवीस वर्षांनी इकडे आला. त्यांचा काळ पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्याने नोंदवलेला बाईंचा दिनक्रम आम्ही दोनदा वाचला. पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सूर्यास्तापर्यंत. संध्याकाळची पूजा आणि फराळ उरकला की रात्री नऊ ते अकरा पुन्हा काम. पडदा नाही, गाऱ्हाणे घेऊन कोणीही यावे. आमची कचेरी साडेपाचला ओस पडते, हे सांगायला नकोच.

त्या नावाखाली निघालेल्या हुकमांपैकी एक इंदूरचाच आहे. येथे एक सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींची छावणी तेव्हा शहराजवळ होती आणि अशा माणसाच्या मालमत्तेत सरकारने वाटा घ्यावा ही त्या काळची सर्रास रीत. त्याची विधवा महेश्वरला जाऊन पोहोचली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन वारस म्हणून मान्य केले. तुकोजींना हुकूम गेला, की छावणी इंदूरपासून दूर हलवा आणि शहराला त्रास देऊ नका. फौज ज्याच्या हाती त्यालाच हे सांगायचे होते. तुकोजींनी ऐकले.

दुसरी हकीकत खरगोणची. दोन सावकार भाऊ मूलबाळ नसताना गेले. त्यांच्या विधवांनी सगळी संपत्ती बाईंना देऊ केली. बाईंनी ती घेतली नाही. तुमचा पैसा तुम्हीच लोकांच्या उपयोगी लावा, असे सुचवले. त्या दोघींनी कुंदा नदीला घाट बांधला आणि गणपतीचे देऊळ उभारले. गणेशोत्सवाच्या या अंकात त्या दोन बायकांची आठवण निघावी, हे आम्हाला बरे वाटते.

भिल्लांच्या बाबतीत त्यांनी आधी कडक उपाय केले. मग वाटसरूंकडून ठरावीक कवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करून त्या टापूतल्या चोरीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. एका विद्वानाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला लावला. काशीविश्वनाथ, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद ही बांधकामे सर्वांना माहीत आहेत, म्हणून त्यांची यादी वाढवत नाही. यातली कितीतरी कामे होळकरांच्या हद्दीबाहेर होती. तेथून महसुलाचा एक पैसा यायचा नव्हता.

सगळेच गोड होते असे मात्र नाही. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड बाईंनी फार कठोरपणे मोडले. तोही हुकूम त्याच नावाखाली निघाला असणार. देवाचे नाव वर लिहिले म्हणून हात आपोआप मऊ होत नाही. आमच्या आजोबांना हे बोललेले आवडले नसते. आम्हाला मात्र बाई देवघरातल्या तसबिरीपेक्षा दरबारात बसलेल्या जास्त जवळच्या वाटतात.

शेवटची वर्षे दुःखात गेली. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा ऐन तारुण्यात वारला. वर्षभराच्या आत जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जायला उठल्या. १७९१ ची ही गोष्ट. जी आई सासऱ्याच्या शब्दाखातर चितेपासून मागे फिरली होती, तिने आता लेकीच्या पायाशी लोळण घेतली. लेक बधली नाही. येथे श्रीशंकर लिहून हुकूम काढता आला असता. राज्य त्यांचे, शिपाई त्यांचे. त्यांनी तो काढला नाही. रूढीपुढे त्यांचे चालले नाही म्हणा, की लेकीचा निर्णय तिचाच मानला म्हणा. आम्ही यावर पुष्कळ विचार केला, तरी मन एका बाजूला ठरत नाही. नर्मदेकाठी दोघा ब्राह्मणांनी हात धरून त्यांना उभे ठेवले होते. चिता पेटली तेव्हा त्या दोघांनी धरलेल्या स्वतःच्याच हातांना त्यांनी कडकडून चावा घेतला, असे माल्कम लिहितो. तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. मग त्या उठल्या, लेक-जावयाची छत्री बांधायला घेतली आणि कारभाराचे कागद पुन्हा समोर आले.

आणखी चार वर्षे हे चालले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला वयाच्या सत्तराव्या वर्षी त्या गेल्या. तिथी श्रावण वद्य चतुर्दशी. इकडच्या पंचांगात तीच भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणतात आणि त्यावरून आमच्या घरात दरवर्षी एकदा तरी गोंधळ होतोच. नाव कोणतेही घ्या, दिवस एकच, गणपती बसायच्या चार-पाच दिवस आधीचा. त्या दिवशी इंदुरात बाईंची पालखी निघते. यंदा आम्ही किरकोळ रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवला आहे. परवा त्या जुन्या गावाकडेही जाऊन आलो. नवी पुलिया आता पक्की आहे. बांधणारा कोणी दुसराच होता. तरी टेप काढून तिची मापे घेतली.