अंगणातली शाळा

आमच्या तुळजापूरकडची पोरं अंगणवाडीत खेळता खेळता गोंधळच मांडतात. डब्याचा संबळ होतो, काठीची दिवटी. ते बघितलं की मला ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. संसार मोडलेला, पदरात लहान लेक. बाईमाणसानं त्या काळी असं करणं सोपं नव्हतं हो! तिथं गोष्ट ऐकून झाली की मुलंच तिचं नाटक करायची. पाठांतर नाही, आपापल्या शब्दांत.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढलं. अनुताई वाघ सोबतीला होत्या. पण गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. आई मजुरीला गेलेली, धाकटं भावंड कडेवर, येणार कशी? मग बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधनं परवडत नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं यांवर काम भागवलं. तीच पहिली अंगणवाडी. १९५७ ला हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. सरकारी अंगणवाड्या १९७५ ला सुरू झाल्या, त्या काही त्यांना बघायला मिळाल्या नाहीत.

नुसतं खेळवता, शिकवता कधी, असं परवा एक आई मला तावातावानं विचारत होती. तेवढ्यात तिचीच लेक बाजाराच्या नाटकात भाजीवाली होऊन चिंचोके मोजत होती. वीसपर्यंत, न चुकता. आई दारातच थांबली.