अस्थींवरचा खटला

सुट्टीच्या दिवशी आई-बाबा अंगणात सुकेळी वाळत घालतात तेव्हा मी ओट्यावर बसून वाचते. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मला गार्सिया द ओर्ता भेटला. वसई-साष्टीचा आपला मुलूख पाहिलेला हा पोर्तुगीज वैद्य. पण आमच्या आळीत त्याचे नाव कुणी ऐकलेले नाही.

त्याचा जन्म पोर्तुगालात १५०० च्या सुमारास झाला. आईवडील ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हाकलले आणि १४९७ साली पोर्तुगालने सक्तीने बाप्तिस्मा दिला. तरी लोकांच्या लेखी ते 'नवे ख्रिस्ती'च राहिले! १५०६ च्या एप्रिलमध्ये लिस्बन शहरात जमाव चवताळला आणि तीन दिवसांत हजारोंना मारून जाळले. गार्सिया तेव्हा लहान होता. राजाने म्होरक्यांना देहदंड दिला हे खरे. पण १५३६ साली त्याच पोर्तुगालात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. रस्त्यावरचे काम आता कचेरीत, कागदोपत्री होऊ लागले.

गार्सिया १५३४ सालीच गोव्याला निघून आला होता. त्याच वर्षी वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. आमची आगाशी त्यांनी त्याआधीच जाळली होती. ज्या आरमाराने हे केले त्याच आरमाराच्या आश्रयाने हा माणूस जीव वाचवायला आला, हे वाचून मला त्याच्याविषयी नेमके काय वाटावे ते कळेना.

गोव्यात त्याचा जम बसला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. १५६३ साली गोव्यात त्याचा ग्रंथ छापला गेला. त्यात आंबा, सुपारी, चिंच अशा आपल्या परसातल्या गोष्टी दोन वैद्यांच्या संवादातून सांगितल्या आहेत. पटकीच्या रोगाचे वर्णनही आहे, आणि इथल्या वैद्य-हकिमांकडून शिकलो हे तो लपवत नाही.

मात्र १५६० साली इन्क्विझिशन गोव्यातही आले होते. फिर्याद कोणी केली हे तिथे आरोपीला सांगत नसत. गार्सिया १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला ज्यू धर्म पाळते म्हणून जिवंत जाळले. मग मेलेल्या भावावर खटला चालला! १५८० साली त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून जाहीर समारंभात जाळल्या. असे समारंभ पाहायला गर्दी जमे. फरक इतकाच, की या गर्दीच्या हाती दगड-काठ्या नव्हत्या, कारण निकाल आधीच लागलेला असे. आणि याच किनाऱ्यावर, अलिबागकडे, बेने इस्रायल मात्र 'शनवार तेली' म्हणून शेजाऱ्यांत निर्धास्त घाणा चालवत होते.

हे सगळे मी बाबांना वाचून दाखवले. सुकेळी पालटता पालटता त्यांनी विचारले, मेलेल्याला शिक्षा करून कोर्टाला काय मिळाले? मला उत्तर देता आले नाही.

पणजीत गार्सियाच्या नावाची बाग आहे. यंदा सहल गोव्याला ठरली, तर मला ती पाहायची आहे.