सागरकन्या रेचल कार्सन



समुद्राच्या काठी जन्मलेल्या मुलाला समुद्राची ओढ लागली, तर त्यात नवल नाही. परंतु जिच्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर होता, जिने वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, अशी एक मुलगी पुढे समुद्राची नामांकित अभ्यासक झाली, हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. रेचल कार्सन हे त्या मुलीचे नाव. तिची जीवनकहाणी प्रत्येक विद्यार्थ्याने, विशेषतः विद्यार्थिनींनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी, समजून घेण्यासारखी आहे.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या लहान गावी झाला. ॲलेघेनी नदीच्या काठचे हे गाव. वडिलांची थोडी जमीन होती. पण हाती पैसा टिकत नसे. घर साधेच होते. तीन भावंडांत रेचल सर्वांत धाकटी. आई मारिया लग्नापूर्वी शिक्षिका होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर तिला नोकरी सोडावी लागली. पण तिच्यातली शिक्षिका काही गेली नाही. ती धाकट्या मुलीला घेऊन शेतात, रानात, ओढ्याकाठी फिरे. पक्षी ओळखायला शिकवी. घरात शिरलेला किडा मारण्याऐवजी अलगद उचलून बाहेर सोडून देई. रेचलची पहिली शाळा ती हीच.

मग समुद्राचे वेड लागले कोठून? पुस्तकांतून. समुद्र व जहाजांच्या गोष्टी ती आवडीने वाची आणि न पाहिलेल्या लाटा मनाशी रंगवी. लिहिण्याचीही तिला हौस होती. मुलांसाठी निघणाऱ्या एका प्रसिद्ध मासिकात १९१८ साली तिची गोष्ट छापून आली, तेव्हा ती अवघी अकरा वर्षांची होती. मोठेपणी लेखिका व्हायचे, हे तिने त्याच वयात ठरवून टाकले.

१९२५ साली ती आपल्या वर्गात पहिली येऊन शाळेतून बाहेर पडली आणि पिट्सबर्ग येथील मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. शंभर डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली; परंतु तेवढ्याने खर्च भागणे शक्य नव्हते. तेव्हा आईने काय केले? तिने घरी पियानोच्या शिकवण्या घेतल्या. तेही पुरेना, तेव्हा घरातली चिनी मातीची उंची भांडी विकली. पालकहो, येथे क्षणभर थांबा. मुलगी, तीही धाकटी, आणि घरात पैशाची ओढाताण. तिला कॉलेजात घालण्यापेक्षा भांडी जपून ठेवावीत, असा सल्ला देणारे त्या गावातही असतीलच. आईने भांडी विकली आणि मुलगी शिकवली. पुढे जगाला जे मिळाले, त्याचे मूळ या एका निर्णयात आहे.

कॉलेजात रेचलने इंग्रजी साहित्य हा विषय घेतला होता. परंतु जीवशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी स्किंकर यांच्या तासांनी तिला अशी गोडी लावली की, तिसऱ्या वर्षी तिने विषय बदलला. आपण लेखन कायमचे सोडले, असे त्या वेळी तिला वाटत होते. त्या काळी विज्ञान हे स्त्रियांचे क्षेत्र मानले जात नसे. मैत्रिणींनाही हा वेडेपणा वाटला. पण निर्णय ठाम होता. १९२९ साली ती सन्मानाने पदवीधर झाली. शिक्षणाचे कर्ज मात्र डोक्यावर होते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी तिला मिळाली. तेथे तिने आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. भरती-ओहोटी, खडकांतल्या डबक्यांमधले जीव, पाण्याबरोबर वाहत येणारे सूक्ष्म प्राणी, सारे ती तासन् तास न्याहाळी. लहानपणी पुस्तकात पाहिलेला समुद्र खऱ्या समुद्रापुढे किती तोकडा होता, हे तिला तेथे कळले.

पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ साली तिने प्राणिशास्त्राची एम. ए. पदवी मिळवली. डॉक्टरेटही करायची होती; पण जागतिक मंदीचे दिवस होते. आई-वडील तिच्याजवळच राहायला आले होते. घर चालवणे भाग होते. तिने डॉक्टरेटचा विचार सोडला. १९३५ साली वडील वारले आणि सगळा भार तिच्यावर आला.

अशा वेळी सरकारच्या मत्स्य विभागात तिला तात्पुरते काम मिळाले. रेडिओसाठी सागरी जीवनावर सात-सात मिनिटांचे बावन्न कार्यक्रम लिहायचे होते. शास्त्रज्ञांना सोपे लिहिता येत नव्हते आणि लेखकांना शास्त्र माहीत नव्हते. रेचलला दोन्ही येत होते. सोडून दिलेले लेखन असे पुन्हा तिच्या दारी आले, ते विज्ञानाचा हात धरून! १९३६ साली तिने सरकारी परीक्षा दिली, पहिला क्रमांक मिळवला आणि त्या विभागात शास्त्रीय पदावर नेमली गेलेली ती दुसरी स्त्री ठरली.

दुसऱ्याच वर्षी थोरली बहीण वारली. तिच्या दोन मुलींना रेचल आणि आई यांनी आपल्या घरी आणले. दिवसा कचेरी, संध्याकाळी घर आणि रात्री लेखन, असा क्रम सुरू झाला. १९४१ च्या नोव्हेंबरात तिचे पहिले पुस्तक निघाले. माशांच्या आणि समुद्रपक्ष्यांच्या नजरेतून लिहिलेले ते सुंदर पुस्तक होते. पण महिनाभरात अमेरिका महायुद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कोणी फिरकले नाही. दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. एखादा खचून गेला असता. रेचलने पुढच्या पुस्तकाची तयारी चालू ठेवली.

नुसत्या कागदावरच्या माहितीवर तिचे समाधान होत नसे. १९४९ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर डोक्याला पाणबुड्याचे शिरस्त्राण घालून ती पाण्याखाली उतरली. त्याच वर्षी सरकारच्या संशोधन-जहाजावरून तिने सुमारे दहा दिवसांची सफर केली. त्या जहाजावर तोवर स्त्री गेलीच नव्हती. म्हणून एका मैत्रिणीला बरोबर घेऊन ती गेली. १९५१ साली तिचे ‘द सी अराउंड अस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. महासागर कसे जन्मले, लाटा कशा निर्माण होतात, भरती-ओहोटीमागे चंद्र-सूर्याचे आकर्षण कसे काम करते, हे तिने सामान्य माणसाला समजेल असे सांगितले. हे पुस्तक ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले. १९५२ साली त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी नोकरी सोडून ती पूर्ण वेळ लेखनाकडे वळली. मेन राज्यात समुद्रकाठी तिने एक छोटेसे घर बांधले.

येथून पुढे ती सुखाने लिहीत राहिली असती. पण १९५८ साली एका मैत्रिणीचे पत्र आले. डासांच्या नाशासाठी विमानातून डीडीटी फवारले गेले आणि तिच्या अंगणातले पक्षी तडफडून मेले, अशी ती हकीकत होती. रेचलने शोध सुरू केला. झाडावर फवारलेले विष पानांबरोबर जमिनीवर येते, ते गांडुळांच्या पोटात जाते आणि गांडुळे खाणारा पक्षी मरतो. विष नाहीसे होत नाही, ते एका जीवातून दुसऱ्यात जाते आणि साठत राहते. ही साखळी तिने पुराव्यानिशी मांडली. औषध मुळीच वापरू नये, असे तिचे म्हणणे नव्हते. परिणाम जाणून न घेता आंधळेपणाने वापरू नये, एवढेच तिचे सांगणे होते.

या सुमारास तिच्यावर संकटांची रांग लागली. भाची वारली, तेव्हा तिच्या पाच वर्षांच्या मुलाला, रॉजरला, तिने दत्तक घेतले. १९५८ च्या अखेरीस आई गेली. १९६० साली तिला स्वतःला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. आजारामुळे आपले मत कलुषित झाले आहे असे विरोधकांना म्हणता येऊ नये, म्हणून तिने तो जगापासून लपवून ठेवला. १९६२ च्या सप्टेंबरात ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक बाहेर आले. रासायनिक कंपन्यांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. तिच्या शास्त्रीय ज्ञानाबद्दल शंका घेतल्या, ती अविवाहित असल्यावरूनही टोमणे मारले. तिने उत्तर दिले ते पुराव्यांनी. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या शास्त्रज्ञांच्या समितीने तिच्या प्रतिपादनाला बहुतांशी दुजोरा दिला.

१४ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी तिचे निधन झाले. तिच्या रक्षेचा काही भाग मेनच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडण्यात आला. १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीचा वापर जवळजवळ पूर्णपणे बंद केला. भारतातही १९८९ साली शेतीसाठी त्यावर बंदी आली. १९८० साली अमेरिकेने तिला मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

विद्यार्थी मित्रहो, आपण कोकणची माणसे. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे खलाशी होते, तांडेल होते. समुद्र आपल्या दाराशी आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. गोव्यात दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ओहोटीच्या वेळी खडकांत अडकलेला एखादा जीव दिसला, तर त्याचे नाव विचारा, तो काय खातो ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत शिक्षकांची पाठ सोडू नका. विज्ञान घेतले म्हणून भाषा सुटते आणि भाषा आवडते म्हणून विज्ञान झेपणार नाही, हा समजही मनातून काढून टाका.

आणि पालकहो, तुमची मुलगी शिंपले गोळा करून घरी आणील, शंभर प्रश्न विचारील, तेव्हा तिला गप्प बसवू नका. तिची दहावी-बारावी झाल्यावर पुढच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा राहील, तेव्हा स्प्रिंगडेलच्या त्या आईची आठवण ठेवा. घरातली भांडी पुन्हा घेता येतात. मुलीचे शिकण्याचे वय पुन्हा येत नाही.