अलेक्झांडर श्मिट

अलेक्झांडर श्मिट (जन्म : १८३१, मृत्यू : १८९४) हे बाल्टिक प्रदेशातील जर्मनभाषक शरीरक्रियावैज्ञानिक होते. रक्त साखळण्यामागे एक एंझाइम असते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. आज त्या एंझाइमाला थ्रॉम्बिन म्हणतात. हे नावही श्मिट यांचेच. ज्वारी कापताना विळा बोटाला लागतो, रक्ताची धार लागते आणि काही मिनिटांत ती आपोआप थांबते, हे नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या शेतकरी गावात लहान मुलांनीही पाहिलेले असते. ती धार का थांबते, या एकाच प्रश्नाला श्मिट यांनी तीस वर्षांहून अधिक काळ दिला.

== जीवन ==

श्मिट यांचा जन्म आजच्या एस्टोनियातील मुहू बेटावर झाला. हा प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता. तेथील सुशिक्षित वर्गाची आणि विद्यापीठाची भाषा मात्र जर्मन होती. दोर्पात (आजचे तार्तू) येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८५८ मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर त्यांनी जर्मनीत फेलिक्स होप-सायलर आणि कार्ल लुडविग या नामवंतांच्या प्रयोगशाळांत काम केले. १८६९ मध्ये फ्रीड्रिख बिडर यांच्या जागी ते दोर्पात येथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८८५ पासून काही वर्षे ते विद्यापीठाचे प्रमुखही होते. तो काळ कठीण होता. झारच्या शासनाने विद्यापीठाचे रशियनीकरण चालवले होते आणि श्मिट यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी शहराचे नावही बदलून युर्येव करण्यात आले.

== रक्त साखळण्याचा प्रश्न ==

शरीराबाहेर पडलेले रक्त थंड होते, त्याचे वाहणे थांबते किंवा त्याला हवा लागते, म्हणून ते साखळते, अशी समजूत दीर्घकाळ होती. साखळणारा भाग लाल पेशींत नसून रक्ताच्या द्रवात असतो, हे विल्यम ह्यूसन यांनी अठराव्या शतकातच दाखवले होते. पुढे ग्लासगोच्या अँड्र्यू ब्युकॅनन यांना आढळले, की वृषणाभोवती साचणारे पाणी एरवी कितीही वेळ ठेवले तरी द्रवच राहते. मात्र धुतलेल्या रक्ताच्या गुठळीचा अंश त्यात टाकला, की ते साखळते. या निरीक्षणाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

श्मिट यांनी १८६१ मध्ये हाच धागा पुन्हा हाती घेतला. दोन पदार्थ एकत्र येऊन फायब्रीनचे तंतू बनतात, असे त्यांनी मांडले. त्यांपैकी एक फायब्रिनोजेन आणि दुसरा रक्तरसातील एक प्रथिन. परंतु दोन्ही पदार्थ असूनही काही द्रव साखळत नव्हते. तेव्हा आणखी काहीतरी हवे, हे त्यांच्या लक्षात आले. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर एका साध्या कृतीवर उभे होते. गुठळी बाजूला काढल्यावर उरलेला रक्तरस त्यांनी त्याच्या कित्येक पट मद्यार्कात मिसळून अनेक आठवडे ठेवला. प्रथिने खाली बसून निकामी झाली. तो साका वाळवून पाण्यात घोळला असता, त्या जवळजवळ स्वच्छ पाण्याचा थोडासा अंशही न साखळणाऱ्या द्रवाला साखळवू लागला. पाणी उकळले, की हा गुण नाहीसा होई. दुधाला विरजण लागावे, तसा अल्प प्रमाणात मोठे काम करणारा हा पदार्थ होता. श्मिट यांनी त्याला फायब्रीन-किण्व म्हटले.

याहून महत्त्वाचा प्रयोग पुढचा होता. प्राण्याच्या रक्तवाहिनीतून रक्त थेट मद्यार्कात पडू दिले, तर त्यातून हे किण्व मिळत नसे. म्हणजे वाहत्या रक्तात ते तयार स्थितीत नसते. रक्त वाहिनीबाहेर पडल्यावर ते जन्माला येते. जे द्रव्य शरीराला जखमेपासून वाचवते, तेच भलत्या वेळी तयार झाले तर प्राण घेऊ शकते, ही जाणीव या निष्कर्षातच होती. दोर्पातच्या प्रयोगशाळेत किण्वयुक्त रक्त प्राण्यांच्या शिरांत सोडून त्यांच्या वाहिन्यांत गुठळ्या होताना पाहिल्याही गेल्या. १८९२ च्या ग्रंथात श्मिट यांनी रक्तातील निष्क्रिय पूर्वद्रव्याला प्रोथ्रॉम्बिन आणि त्यापासून बनणाऱ्या सक्रिय एंझाइमाला थ्रॉम्बिन अशी नावे दिली. पेशींतून मिळणारे काही पदार्थ हे रूपांतर घडवतात, असेही त्यांनी सांगितले.

== मतभेद ==

श्मिट यांची मांडणी अर्धी चुकलेली होती, हे लपवण्याचे कारण नाही. स्वीडनच्या ओलोफ हामरस्टेन यांनी घोड्याच्या रक्तातून शुद्ध फायब्रिनोजेन वेगळे केले आणि त्याला किण्वाखेरीज दुसऱ्या प्रथिनाची गरज नाही, हे सिद्ध केले. श्मिट यांनी अनेक वर्षे ते मान्य केले नाही. किण्व श्वेतपेशींतून येते, हा त्यांचा आग्रहही टिकला नाही. इटलीच्या ज्यूलियो बित्सोझेरो यांनी १८८२ मध्ये बिंबाणूंकडे लक्ष वेधले होते. कॅल्शियमाची आवश्यकता १८९० मध्ये फ्रान्समधील आर्त्युस आणि पाजेस यांनी दाखवली. हे सारे जुळवून १९०५ मध्ये पाउल मोराविट्स यांनी जी उपपत्ती मांडली, तिच्या मध्यभागी मात्र श्मिट यांचे प्रोथ्रॉम्बिन आणि थ्रॉम्बिनच होते.

== थ्रॉम्बिनचे कार्य ==

प्रोथ्रॉम्बिन यकृतात तयार होते आणि त्यासाठी क जीवनसत्त्व नव्हे, तर के जीवनसत्त्व लागते. (देवनागरीत ही दोन अक्षरे विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा करतात.) नवजात बालकात त्याची कमतरता असते, म्हणून जन्मल्यावर त्याला या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. वाहिनी फाटली, की तिच्याबाहेरील पेशींचा रक्ताशी संबंध येतो आणि प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन बनू लागते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे लहान तुकडे तोडून त्याचे फायब्रीन करते, तंतूंना परस्परांशी घट्ट बांधणारा घटक जागा करते आणि बिंबाणूंना चेतवते. वाहिनीच्या निरोगी अस्तरावर पोहोचताच तेच थ्रॉम्बिन साखळणे आवरणाऱ्या प्रथिनाला सक्रिय करते. त्यामुळे गुठळी जखमेपुरतीच राहते. फायब्रीनची जाळी हा पुढे जखम भरून आणणाऱ्या पेशींचा पहिला आधार होय. पेशींना जखमेकडे ओढण्यात आणि वाढीस लावण्यातही थ्रॉम्बिनचा वाटा असतो. शस्त्रक्रियेत झिरपणारे रक्त थांबवण्यासाठी ते वरून लावलेही जाते.

महाराष्ट्रात या एंझाइमाची सर्वांत भीषण ओळख घोणसाच्या दंशातून होते. घोणसाचे विष रक्तातील साखळण्याचे घटक एकदम सक्रिय करते. थ्रॉम्बिन अफाट प्रमाणात तयार होते, फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि शेवटी रक्त साखळेनासे होते. मग हिरड्यांतून, लघवीतून आणि दंशाच्या जागेतून रक्त येत राहते. ग्रामीण रुग्णालयात त्यासाठी एक सोपी चाचणी करतात. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त वाहू लागले, तर प्रतिसर्पविष देतात आणि ६ तासांनी चाचणी पुन्हा करतात.